गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी आणि एक ठिसूळ कपलर : सोलापुरातील एका दुरुस्तीचा प्रकरण अभ्यास

एप्रिलच्या अखेरीस, दुपारचा पारा 40 अंशांच्या पुढे गेलेला असताना, जुळे सोलापुरात राहणारे एक निवृत्त शिक्षक आपली 2004 सालची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी घेऊन माझ्याकडे आले. गाडी 1 लाख 12 हजार किलोमीटर चाललेली, एकाच हातातली आणि वेळच्या वेळी ऑइल बदललेली होती. तक्रार एकच होती : दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ते पत्नीसह अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जातात आणि गेले चार महिने कुंभारी ओलांडून वळसंगच्या आसपास, गतिरोधकासाठी वेग कमी केला की गाडी झटके खात बंद पडते. अर्धा तास बॉनेट उघडे ठेवून थांबले की ती पुन्हा चालू होते. शहरातल्या शहरात, बाजारहाट करून दहा मिनिटांत घरी येताना, ती एकदाही बंद पडली नव्हती.

माझ्याकडे येण्याआधी गुरुजींनी दोन ठिकाणी गाडी दाखवली होती. पहिल्या ठिकाणी पेट्रोल पंप आणि फिल्टर बदलले गेले, दुसऱ्या ठिकाणी स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल आणि क्रँक सेन्सर (इंजिनाचे फिरणे ओळखणारा). खर्च चौदा हजारांच्या घरात गेला होता. त्या कारागिरांना मी दोष देणार नाही, कारण गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या आणि थंड झाल्यावर चालू होणाऱ्या गाडीत पेट्रोल पंप व क्रँक सेन्सर यांच्यावरच पहिला संशय जावा, अशी ही लक्षणे आहेत. मात्र दोन्ही ठिकाणी काम सुरू करताना बॅटरीची तार काढली गेली होती आणि त्यामुळे ईसीएममध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, साठलेली दोषाची नोंद, असलीच तर, पुसली गेली होती.

तशीही ही गाडी नोंदींच्या बाबतीत फारशी बोलकी नव्हती. 2010 साली दिल्लीच्या राजधानी परिसराबरोबर ज्या 13 शहरांत गाडीच्या धुराचे बीएस-4 निकष प्रथम लागू झाले त्यांत सोलापूरही होते आणि ओबीडीची, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवण्याच्या व्यवस्थेची, सक्तीही त्याच टप्प्यावर आली. ही गाडी त्याच्या सहा वर्षे आधीची. त्यामुळे स्कॅनर लावून उत्तर मिळेल अशी आशा न धरता मी गुरुजींना खुर्ची दिली आणि बोलते केले.

गुरुजींची वही

गुरुजी गाडीत एक वही ठेवतात आणि प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना किलोमीटर व लिटर लिहून ठेवतात. त्या वहीनुसार गाडीचे ॲव्हरेज वर्षभरापूर्वी 16 च्या वर होते आणि मार्चमध्ये ते 11.8 वर आले होते. पंप बदलल्यावरही ते सुधारले नव्हते. ही घट एका दिवसात झालेली नव्हती, पाच-सहा महिन्यांत हळूहळू झालेली होती, आणि माझ्या दृष्टीने ती वाटेत बंद पडण्याइतकीच महत्त्वाची होती.

बोलता बोलता त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, ज्या त्यांना स्वतःला किरकोळ वाटत होत्या. एक म्हणजे सकाळी गाडी पूर्ण थंड असताना कधी कधी नुसती चावी फिरवली तरी रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि चेक इंजिनचा दिवा क्षणभर लागून विझतो. दुसरी गोष्ट त्यांनी जरा संकोचून सांगितली : "वळसंगला एकदा मी चुकून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारला आणि गाडी लगेच चालू झाली. तेव्हापासून अर्धा तास थांबायची गरज पडत नाही, पण असे करणे बरोबर आहे का?"

या प्रश्नातच पेट्रोल पंप निर्दोष असल्याचा पुरावा होता. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत स्टार्टर मारताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असेल तर ईसीएम पेट्रोलची फवारणी थांबवतो किंवा अगदी कमी करतो, जेणेकरून सिलिंडरमध्ये साचलेले जादा पेट्रोल बाहेर पडावे. पेट्रोल कमी पडल्यामुळे बंद झालेली गाडी या युक्तीने चालू होणार नाही. पेट्रोल जास्त झाल्यामुळे गुदमरलेली गाडी होईल. प्लग काढून पाहिले तर नवे असूनही ते काजळीने काळे कुळकुळीत झाले होते आणि टेलपाइपपाशी कच्च्या पेट्रोलचा वास होता. गाडीला पेट्रोल जास्त मिळत होते आणि थंड गाडीत पंखा आपोआप लागत होता. या दोन्ही गोष्टींना जोडणारा एकच भाग इंजिनवर असतो, तो म्हणजे कूलंटचे तापमान मोजणारा सेन्सर.

सेन्सर काय सांगतो आणि ईसीएम काय ऐकतो

हा सेन्सर म्हणजे तापमानाबरोबर रोध कमी होत जाणारा एक छोटा थर्मिस्टर असतो. या प्रकारच्या गाड्यांत 20 अंशांना त्याचा रोध साधारण 2 ते 2.5 किलोओहम आणि 80 अंशांना साधारण 300 ओहम असतो. ईसीएम त्या रोधावरून तापमान ओळखतो आणि इंजिन थंड आहे असे दिसले तर, जुन्या गाड्यांत आपण चोक ओढत होतो तसे, जास्त पेट्रोल सोडतो.

आता या दोन पिनांच्या जोडणीत कुठे तरी 2 किलोओहमचा जादा रोध शिरला, तर काय होईल हे पाहावे. सेन्सर खरे 300 ओहम दाखवत आहे, पण ईसीएमला मात्र 2,300 दिसतात, म्हणजे तो 80 अंशांच्या इंजिनाला 20 अंशांचे समजतो आणि तापलेल्या इंजिनाला थंड इंजिनाचे पेट्रोल पाजत राहतो. जोड पूर्ण तुटली असती तर ईसीएमने दोष ओळखला असता, दिवा लावला असता, पंखा सुरक्षिततेसाठी सतत चालू ठेवला असता आणि ठरावीक तापमान गृहीत धरून गाडी चालवली असती. जोड अर्धवट राहिल्यामुळे मिळणारा आकडा चुकीचा असूनही शक्य कोटीतला होता आणि म्हणून दिव्याला काही सांगण्यासारखे नव्हते. मधूनच जोड खरोखर तुटे, तेव्हा तेवढ्यापुरता पंखा आणि दिवा लागे.

यातला अधिक गंभीर धोका पेट्रोलचा नव्हता. ईसीएमला इंजिन थंड भासत असेल तर तो रेडिएटरचा पंखाही वेळेवर लावणार नाही. या गाडीत डॅशबोर्डवरच्या काट्यासाठी वेगळा सेन्सर असल्याने काटा बरोबर दाखवत होता आणि काट्याकडे पाहून सगळे निश्चिंत होते. पण मे महिन्याच्या उन्हात वाहतुकीत अडकून ही गाडी उभी राहिली असती तर सिलिंडर हेडचे नुकसान होणे अशक्य नव्हते.

उघडण्याआधी तपासणी

वीस वर्षांच्या गाडीत कोणताही कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लास्टिकचा जोड, "बघू या तरी" म्हणून उघडायचा नाही, हा माझा नियम आहे आणि तो मी नुकसान सोसून शिकलो आहे. इंजिनजवळचा कपलर शेवटचा उघडायचा आणि डॅशबोर्डच्या आतला, उष्णता न लागलेला कपलर आधी उघडायचा. म्हणून गाडी कुंभारीपर्यंत फिरवून पूर्ण तापवली, परत येताच बंद केली, ईसीएमचा कपलर काढला आणि त्या बाजूने सेन्सरच्या दोन तारांवर मल्टिमीटर लावला. सुरुवातीला 330 ओहम दिसले. मग माझ्या मदतनिसाने कोरड्या बांबूच्या काडीने इंजिनवरचे वायरिंग एका टोकापासून हळूहळू हलवायला सुरुवात केली. इतर कुठेही आकडा हलला नाही. थर्मोस्टॅटच्या डब्याजवळ काडी लागताच आकडा 900 वर, मग 2,100 वर गेला आणि एकदा मीटरने जोड पूर्ण तुटल्याचे दाखवले.

बॅटरीची आणि इंजिनची अर्थिंग तपासून घेतली, ती ठीक होती.

आरशाने पाहिले तेव्हा सेन्सरच्या कपलरचे लॉक तुटलेले होते आणि कोणी तरी प्लास्टिकच्या पट्टीने तो सेन्सरला आवळून बांधला होता. ही पट्टी केव्हा बांधली हे गुरुजींना ठाऊक नव्हते. बांधताना ती घट्ट असणार, परंतु उष्णतेने तीही सैल झाली होती आणि कपलर पिनांवर अर्धा मिलिमीटर मागेपुढे हलत होता. इंजिनाच्या थरथरीने होणाऱ्या या बारीक हालचालीत टर्मिनलवरचा (कपलरच्या आतल्या, तारेच्या टोकाच्या धातूच्या पट्टीवरचा) कथिलाचा मुलामा घासला जातो, घासलेल्या कणांवर हवेने ऑक्साइड चढते आणि तांब्याला तांबे न टेकता मध्ये एक काळपट, वीज अडवणारा थर तयार होतो. दिव्यासारख्या मोठ्या प्रवाहाच्या जोडणीत असा थर बराच काळ निभावून जातो. सेन्सरच्या जोडणीत प्रवाह काही मिलिअँपिअर इतकाच असल्याने तो थर भेदला जात नाही. ठिसूळ प्लास्टिक हे मूळ कारण असले, तरी गाडी बंद पाडत होता तो हा थर.

प्लास्टिक पापडासारखे का होते

कपलरची घरे, म्हणजे बाहेरची प्लास्टिकची आवरणे, बहुतांशी नायलॉन 66 किंवा पीबीटी या प्लास्टिकची असतात. नायलॉन 66 वितळते सुमारे 260 अंशांना, त्यामुळे इंजिनवर ते वितळत नाही. ते वर्षानुवर्षे भाजले जाते. उष्णता आणि हवेतील ऑक्सिजन मिळून त्याच्या लांब साखळ्या तोडत राहतात आणि तापमान दर 10 अंशांनी वाढले की अशा क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातला ढोबळ नियम येथेही लागू पडतो. शिवाय नायलॉनला चिवटपणा देण्यात त्यात मुरलेल्या ओलाव्याचा वाटा असतो. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात आणि इंजिनाच्या धगीत तो ओलावाही निघून जातो. तारेवरच्या पीव्हीसीचेही तेच : तिला मऊ ठेवणारे द्रव्य उडून जाते आणि तार वाकवली की आवरणाला चिरा पडतात.

सगळ्यात जास्त भाजणी गाडी चालताना होत नाही, बंद केल्यावर होते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पाण्याचे फिरणे आणि समोरून येणारी हवा थांबते, हेडची उष्णता वर चढते आणि बॉनेटखाली पहिली पंधरा-वीस मिनिटे तापमान वाढतच जाते. आपल्या पूर्व भागात यंत्रमागांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटरमध्ये सुताची तूस अडकलेली मला नेहमी दिसते. हवा अडल्याने अशा गाड्यांचे कपलर लवकर जातात. गुरुजींच्या गाडीच्या रेडिएटरमध्ये तूस नव्हती, पण काळ्या मातीची धूळ भरपूर होती.

सगळे वायरिंग बदलावे का

गुरुजींचे म्हणणे होते, "एकदाच काय ते सगळे वायरिंग बदलून टाका, पुन्हा कटकट नको." त्यांची चिंता मला समजत होती, पण मी नकार दिला. या गाडीचे नवे वायरिंग आता मिळत नाही. भंगारातून आणलेले वायरिंग तितक्याच वयाचे, तितकेच भाजलेले आणि काढताना ओढाताण झालेले असते. शिवाय सगळे बदलायचे तर ज्या कपलरांना आज काही झालेले नाही तेही उघडावे लागतात आणि ठिसूळ कपलर बहुतेक वेळा चालताना तुटत नाही, उघडताना तुटतो. म्हणून तापमान सेन्सरचा कपलर बदलायचा, पूर्वीच्या कारागिराने नुकताच उघडलेला क्रँक सेन्सरचा कपलर तपासायचा आणि बाकीच्यांना कामापुरताच हात लावायचा, असे ठरले.

शहरातल्या दुकानात तारेसह तयार कपलर मिळाला, पण त्याची तार कापून पाहिली तेव्हा आत पांढरी चमक दिसली. तांब्याचा नुसता मुलामा असलेली ती अ‍ॅल्युमिनिअमची तार होती. अशी तार थरथरीत लवकर तुटते आणि तांब्याच्या तारेशी तिची जोड टिकत नाही. मी तो परत केला आणि सुटे घर, टर्मिनल व रबरी सील पुण्याहून मागवले. त्यात तीन दिवस गेले, पण या बाबतीत घाई करण्यात मला अर्थ वाटत नाही.

प्रत्यक्ष काम

बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, वायरिंगचे सर्व बाजूंनी फोटो घेतले, कोणत्या रंगाची तार कोणत्या खाचेत आहे हे कागदावर लिहिले आणि कपलरभोवतीची धूळ ब्रशने व हवेने काढली. उघडताना आतल्या पिनांवर माती पडू नये म्हणून ही पायरी आवश्यक आहे.

तापमान सेन्सर इंजेक्टरच्या वायरिंगखाली असल्याने ते वायरिंग थोडे बाजूला घ्यावे लागणार होते आणि त्यासाठी दुसऱ्या इंजेक्टरचा कपलर काढणे भाग होते. येथे माझ्या हातून चूक झाली. संध्याकाळ झाली होती, इंजिन पूर्ण थंड होते आणि हेअर ड्रायर आणायला आत जाण्याऐवजी मी लॉकखाली बारीक स्क्रू ड्रायव्हर सरकवून उचलले. लॉक टक् असा आवाज करून तुटले आणि त्याचा तुकडा इनटेक मॅनिफोल्डखाली पडला. जो कपलर सकाळपर्यंत शाबूत होता तो माझ्यामुळे निकामी झाला, हे मी गुरुजींना त्याच वेळी फोन करून सांगितले आणि त्याचा खर्च बिलात घेतला नाही. त्या दिवशीचे काम तिथेच थांबवले.

दुसऱ्या दिवशी योग्य पद्धतीने काम केले, ती अशी. हेअर ड्रायरने कपलर दोन-तीन मिनिटे, बोटाला कढत लागेल इतपत गरम करावा. हीट गन वापरायची झाल्यास ती सर्वात कमी अंशावर आणि दूर धरावी. कोमट प्लास्टिक थोडे लवते. मग कपलर ओढण्याआधी तो हलकेच आत दाबावा, म्हणजे लॉकवरचा ताण सुटतो. त्याच स्थितीत लॉक दाबून, तारेला न धरता, घराला धरून सरळ बाहेर काढावा. क्रँक सेन्सरचा कपलर या रीतीने काही न मोडता निघाला, त्याचे टर्मिनल स्वच्छ आणि घट्ट होते, म्हणून तो तसाच परत बसवला.

तापमान सेन्सरचा कपलर काढल्यावर टर्मिनलवर अपेक्षेप्रमाणे काळा थर दिसला. सेन्सरचा रोध थेट त्याच्या पिनांवर मोजला, तो तापमानाशी जुळत होता, म्हणून सेन्सर बदलला नाही. त्याच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि नायलॉनच्या ब्रशने स्वच्छ केल्या. येथे पॉलिश पेपर मारण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने पिन तात्पुरती चमकते, पण मुलामा निघून जातो आणि काही महिन्यांत स्थिती पहिल्यापेक्षा वाईट होते.

जुने टर्मिनल कापून तारेचे आवरण सोलले तर आतले तांबे कळकून काळे पडले होते. साधारण 4 सेंटिमीटर मागे गेल्यावर लालसर, चकचकीत तांबे लागले. तेवढ्या तारेची भर घालण्यासाठी त्याच जाडीच्या, उष्णता सोसणाऱ्या तांब्याच्या तारेचे तुकडे जोडले आणि दोन तारांचे जोड एकमेकांसमोर न आणता 3 सेंटिमीटर पुढेमागे ठेवले, म्हणजे वायरिंगला एका जागी गाठ येत नाही आणि चुकून आवरण फाटले तरी दोन जोड एकमेकांना टेकत नाहीत.

टर्मिनलला पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी फक्त तांब्यावर आवळायची असते, मागची जोडी आवरण आणि रबरी सील धरून ठेवण्यासाठी असते. साध्या पक्कडीने ही दोन्ही कामे नीट होत नाहीत. त्यासाठी टर्मिनल आवळण्याची, रॅचेटची क्रिम्पिंग पक्कडच हवी. प्रत्येक नव्या टर्मिनलसाठी मी आधी एक नमुना जोड करतो आणि सामान मोजायच्या हुकाच्या काट्याने ओढून पाहतो. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तारेची जोड सुमारे 6 किलोचा ताण सहन करत नसेल, तर ती गाडीत जाऊ नये. नमुना टिकला, मग खऱ्या तारा आवळल्या.

डाग देण्याविषयी, म्हणजे कथील वितळवून जोड करण्याविषयी, आमच्या व्यवसायात दोन मते आहेत आणि डागलेली जोड पक्की असते हे मीही मानतो. परंतु कथील तारेच्या बारीक धाग्यांतून पुढे चढते, तेवढा भाग सळईसारखा कडक होतो आणि जिथे तो कडकपणा संपतो तिथेच इंजिनाच्या थरथरीने तार तुटते. इंजिनवरच्या तारेसाठी मी म्हणूनच क्रिम्प आणि त्यावर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आकसणारी हीट श्रिंक नळी वापरतो. सीलवर सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात दिला. घर ग्रीसने भरले नाही. शेवटी वायरिंगला पीव्हीसीची चिकटपट्टी न लावता कापडी पट्टी गुंडाळली, कारण पीव्हीसीची पट्टी उष्णतेने गोंद सोडून ओघळते. त्यावर नालीदार नळी चढवली आणि ते मूळच्या क्लिपांत, इंजिन हलताना ताण बसणार नाही इतकी ढील ठेवून बसवले. दुसऱ्या इंजेक्टरचा कपलरही याच पद्धतीने नवा केला.

परिणाम

गाडी पुन्हा तापवून ईसीएमच्या बाजूने मोजले : 316 ओहम. सेन्सरच्या पिनांवर थेट मोजलेला रोध त्यापेक्षा जेमतेम 1 ओहमने कमी होता आणि काडीने वायरिंग कितीही हलवले तरी आकडा स्थिर राहिला. प्लग स्वच्छ करून तेच परत बसवले. घर, टर्मिनल, सील, तार आणि नळी मिळून सामानाचा खर्च हजार रुपयांच्या आत राहिला. मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी गुरुजी अक्कलकोटला जाऊन आले आणि वळसंगला गाडी थांबली नाही. पुढच्या तीन वेळा पेट्रोल भरल्यावर वहीत 15.4, 15.9 आणि 16.1 असे आकडे आले.

जानेवारीत, गड्ड्याची यात्रा संपल्यावर, त्यांनी गाडी सर्व्हिसिंगसाठी आणली तेव्हा मी सगळे कपलर आरशाने पुन्हा पाहिले. नवे दोन्ही ठीक होते. तिसऱ्या इंजेक्टरच्या कपलरच्या लॉकला मुळापाशी केसासारखी चीर दिसली. ती पूर्वी नव्हती, कारण एप्रिलमधल्या फोटोत ते लॉक स्वच्छ दिसते. पुण्याहून मागवताना दोन घरे जास्तीची घेऊन ठेवली होती, त्यांतले एक त्या दिवशी वापरले. पहिल्या आणि चौथ्या इंजेक्टरचे कपलर मूळचेच आहेत आणि त्यांना अद्याप हात लावलेला नाही.